आम्हाला इथून हलवू नका

नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात काम करणाऱ्या सिस्टरांची जिल्हा संघटना निघाली आणि अध्यक्ष म्हणून मला खुर्चीत बसवलं. मलाच का, ते अजून कळलेलं नाही. बहुतेक मला नाही म्हणता येत नाही म्हणून. बीडच्या एका मंगल कार्यालयात हार घातला, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कमी वजनाच्या बाळांना नळीनं दूध पाजत उभी.

आमची मागणी एकच होती, ही फिरती बंद करा. दर सहा महिन्यांनी आम्हाला दुसऱ्या वॉर्डात टाकतात. एवढ्याशा हाताची शीर सापडायला आपला हात बसतो न बसतो, तोच डोळ्यांच्या वॉर्डात रवानगी. मी निवेदन लिहून ग्रुपवर टाकलं. सगळ्यांचे अंगठे आले. मी खूश झाले.

आता वाटतं, एवढी कशी मी खुळी? आत जाताना आम्ही घड्याळ, बांगड्या, मोबाईल सगळं बाहेर ठेवतो. ड्यूटी संपल्यावर शंभर मेसेज वाचतं कोण? शेवटच्याला अंगठा द्यायचा आणि एसटी गाठायची. मी स्वतः तेच करते.

मागणी मान्य झाली. पेढे वाटले. त्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत घाटनांदूरची सिस्टर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, कावून केलंत असं? पुढच्या महिन्यात माझी बदली होती. कुणाला काय बी न सांगता सुटले असते मी."

गेल्या वर्षी तिचं स्वतःचं बाळ आमच्याच कक्षात, तीन नंबरच्या वॉर्मरवर, त्या ऊब देणाऱ्या पाळण्यातच दगावलं होतं. रजा संपल्यावर तिला पुन्हा इथंच टाकलं. तेव्हा मीच तिला धरून बसले होते. आणि निवेदन लिहिताना मला ती आठवलीसुद्धा नाही. मला माझीच लाज वाटली.

तुझ्या बदलीचं विचारून येते म्हणाले आणि मेट्रनबाईंकडे गेले. त्यांनी माझ्याच सहीचा कागद पुढे सरकवला. "एकीला सोडलं तर उद्या दहाजणी येतील. तिला कारण लेखी द्यायला सांगा. न्हाईतर हे निवेदन मागं घ्या."

ते कारण ती कागदावर लिहिणार नाही, हे मला ठाऊक होतं. निवेदन मागं घ्यावं तर बाकीच्या सगळ्या पुन्हा फिरत्या. मी नेमकी कुणाची अध्यक्ष, हेच मला समजेना. जिना उतरता उतरता दोनदा थांबले.

कक्षात आले तर ती तीन नंबरपाशीच होती. बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं. मशीन ओरडायच्या आधीच तिनं त्याच्या तळपायावर टिचकी मारली आणि बाळानं श्वास घेतला. आमच्यात एवढं चटकन कुणाच्याच लक्षात येत नाही. निवेदनात 'अनुभवी हात' असं मी लिहिलं होतं, ते हेच हात.

"काय म्हणल्या मेट्रन मॅडम?" तिनं मान वर न करता विचारलं.

मी बेसिनपाशी होते. माझे हात धुऊन झाले होते. मी पुन्हा साबण घेतला.