भेटीचा अर्धा तास

“पॅन्क्रियाटायटिस आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे स्वादुपिंडाला सूज. माझी बायको वंदना माझ्याकडे बघत राहिली. दोन दिवस ती पोट धरून बसली होती आणि मी तिला ओवा चघळायला देत होतो. मला तिथंच लाज वाटली.

नाशिकमधल्याच एका खाजगी रुग्णालयात तिला दाखल केलं. तिसऱ्या दिवशी आयसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात हलवलं. तिथं भेट सकाळी अकरा ते साडेअकरा, तीही एकालाच.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चलन आणि माल जुळल्याशिवाय सही करत नाही. “तुम्ही प्रसादाचे पेढेसुद्धा मोजून घ्याल,” असं वंदना चिडवायची. त्यामुळे रोजचं बिलही मी ओळ न ओळ वाचायचो. तुम्हीही वाचा. तपशीलवार बिल मागा, तो आपला हक्क आहे.

पाचव्या दिवशी बिलात एक महागडं अँटिबायोटिक इंजेक्शन दिसलं. डॉक्टरांनी ते माझ्यासमोर दोन दिवसांपूर्वीच बंद केलं होतं. माझं डोकंच फिरलं. बिलाच्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, “बिलिंगचे साहेब उद्या अकराला भेटतील.”

दुसऱ्या दिवशी सायखेड्याहून मेहुणा आला होता. त्याला म्हटलं, “आज तू जा आत. मी यांच्याकडे बघतो.”

साहेबांनी आधी उडवून लावलं. मी केस पेपर मागितले, तारखा दाखवल्या, आवाजही चढवला. शेवटी दोन दिवसांची इंजेक्शनं आणि न वापरलेले हातमोजे बिलातून वजा झाले. लढाई मारल्यासारखा मी जिना चढलो.

मेहुणा बाकावर बसला होता. “दाजी, ताई लय विचारत होती. म्हणली, हे का नाय आले? मी सांगितलं, उद्या येतील.”

त्याच संध्याकाळी वंदना गेली.

आयसीयूतल्या सिस्टरने शेवटपर्यंत तिचा हात धरून ठेवला होता. त्या मुलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण तिथं माझा हात हवा होता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर बिलासाठी जरूर भांडा. फक्त भेटीच्या वेळी नको. दहाव्यानंतर कागदपत्रं आणायला मी दुपारी चारला गेलो, तेव्हा तेच साहेब काउंटरमागे चहा पीत बसले होते. ते रोज सहापर्यंत असतात म्हणे. मी विचारलंच नव्हतं.