चुकलेल्या पत्त्यावरची संकष्टी

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास नावापुरताच उरला होता. संकष्टी करत होते, पण ती आईने लावलेली सवय म्हणून, मोडवत नाही म्हणून. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इथे संकष्टीची सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे चंद्र. उन्हाळ्यात तो मध्यरात्रीपर्यंत वाट बघायला लावतो, आणि एरवी ढगांतून तोंडच दाखवत नाही. मग फोनवर चंद्रोदयाची वेळ बघायची, ढगांना हात जोडायचे आणि जेवायला बसायचं. दर वेळी मनात यायचं, आपण नक्की कोणाला हात जोडतोय? एकदा आईला फोनवर हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, तुला दिसला नाही म्हणून तो उगवायचा राहतो का?" मी "बरं बरं" म्हणून विषय बदलला.

माझा स्वभाव तापट, आणि नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना लेखी कळवायच्या, याचाच मला पगार मिळतो. ही सवय कामापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. आमचं घर चौदा नंबरचं. पलीकडच्या गल्लीचं नाव आमच्या गल्लीसारखंच, शेवटचा शब्द तेवढा वेगळा, आणि तिथेही एक चौदा नंबर आहेच. पार्सल घेऊन येणारी एक पन्नाशीची बाई, पिवळं जाकीट, केसांचा घट्ट अंबाडा, तिथलं पार्सल घेऊन महिन्यात दोनदा माझ्या दारात उभी राहिली. दोन्ही वेळा मी घरूनच मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या वेळी मी तिला म्हणाले, "पत्ता वाचायला कितीसा वेळ लागतो?" ती बिचारी ओशाळली, "सॉरी लव्ह" म्हणाली आणि व्हॅनकडे वळली. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मी तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन एक तारा दिला आणि खाली चार ओळी झणझणीत लिहिल्या. मनात म्हटलं, आता तरी सुधारतील.

मारिसेल मला शाळेच्या गेटवर भेटली. ती फिलिपाइन्सची, दवाओ शहरातली. इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिची लीया आणि माझी सई एकाच वर्गात, दोघी सहा वर्षांच्या. दवाओ म्हणे बघता बघता वाढलं, मॉल आले, टॉवर आले, आणि घरापासून कामापर्यंतची वाट तेवढीच असून वेळ दुप्पट लागायला लागला. तिथे मारिसेल पहाटे चारला उठून भात लावायची, लीयाला तिच्या लोलाकडे, म्हणजे आजीकडे, झोपेतच सोपवायची, आणि गच्च भरलेल्या जीपनीत, म्हणजे तिकडच्या वडापच्या गाडीत, लोंबकळत वॉर्डवर पोचायची. परत यायची तेव्हा लेक झोपलेली. "माझी मुलगी मला डोळे मिटलेलीच माहीत होती," असं ती एकदा हसत हसत म्हणाली होती, आणि मला काही हसू आलं नाही. मग ती इथे आली, आणि लीया तीन वर्षं तिकडेच राहिली. मागच्या वर्षी कुठे ती आईजवळ आली. आमचं दोघींचं ठरलेलं होतं, तीन दिवस दोन्ही मुलींना शाळेतून मी आणायचं, दोन दिवस तिने. लीया मला टीटा म्हणते. त्यांच्यात आईच्या मैत्रिणीला तसंच म्हणतात, आपल्या मावशीसारखं.

लीयाला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे जिवावर बेततं. तिच्या दप्तरात पिवळ्या पाऊचमध्ये, ॲलर्जी उसळली की मांडीत टोचायचं, इंजेक्शनचं एक पेन असतं, दुसरं शाळेच्या ऑफिसात. मारिसेलने पहिल्याच दिवशी मला सगळं समजावलं, आणि मीही डोळ्यांत तेल घालून घर तपासलं. पीनट बटर गेलं, चिक्की गेली, बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचून झाली. टेस्टरच ना मी! उलट मारिसेलचा डबा समोर आला की मीच तिला हैराण करायचे. यात अंडं आहे का, माशाचा सॉस आहे का, कशात तळलंय? ती न कंटाळता उत्तरं द्यायची. आणि माझ्या ओट्यावर, तेलाच्या बाटलीशेजारी, दाण्याच्या कुटाची बरणी राजरोस उभी होती. ती मला दिसलीच नाही. कूट म्हणजे कूट. मीठ, हळद, कूट. शेंगदाणे वेगळे, कूट वेगळं, असंच माझ्या डोक्यात जन्मापासून बसलेलं. तशी लीया रोज खायची ते टोस्ट, फळं, पास्ता, म्हणून इतके दिवस निभावलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ऑक्टोबरची संकष्टी होती, चंद्रोदय पावणेआठचा. दुपारसाठी साबुदाण्याची खिचडी केली होती, पण कामाच्या धबडग्यात ती तशीच राहिली, मी नुसत्या चहावर होते. साडेतीनला मुलींना घेऊन आले. नवरा लंडनच्या ऑफिसात, आणि मला चारला कॉल होता. लीयाने कढईत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही फुलला! "टीटा, सागो?" तिकडे साबुदाण्याला सागो म्हणतात, तिची लोला त्याचं गोड पेय करायची. त्या पोरीला आजीच्या घरचं काहीतरी माझ्या कढईत सापडलं होतं. मला इतका आनंद झाला की मी म्हणाले, "हो गं राणी, सागोच!" आणि माझ्या हाताने, हो, माझ्याच हाताने, तिला बशीभर वाढली.

कॉल सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील. सईने दारातून सांगितलं, "आई, लीया फनी वाटते." मी हाताने थांब म्हटलं. तिने परत हाक मारली. बाहेर आले तर लीया सोफ्यावर बसून गळा खाजवत होती, ओठ सुजलेले, मानेवर लाल गांधी उठलेल्या, आणि खोकला. मी बशीकडे पाहिलं. त्या क्षणी मला ती बरणी दिसली. 

पाऊच काढला. स्पीकरवर ९९९, इथला इमर्जन्सीचा नंबर, लावला. फोनवरची मुलगी शांत आवाजात सांगत होती, तिला आडवं झोपव, पाय उंच कर, पेन मांडीवर दाब. शंभर वेळा ऐकलेलं सगळं. आणि मी, जी जगाच्या चुका काढते, त्या मीच ते पेन उलटं धरलं. खट्ट आवाज झाला आणि सुई माझ्या अंगठ्यात घुसली. औषध माझ्यात गेलं. अंगठा पांढरा पडला, छाती धडधडायला लागली, आणि समोर त्या पोरीच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. "दुसरं पेन आहे का?" फोनवरून विचारलं. दुसरं शाळेत होतं, आणि गाडी नवऱ्याने सकाळी स्टेशनवर नेऊन लावलेली. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण अजून आठ-दहा मिनिटं लागणार होती. लीयाने माझा कुर्ता मुठीत धरला होता. तिचे डोळे मिटायला लागले. मला मारिसेलचं ते वाक्य आठवलं, आणि मी ओरडलेच, "डोळे उघड! लीया, डोळे मिटू नको!"

प्रार्थना केली का, असं मला नंतर आईने विचारलं. कसली प्रार्थना! स्तोत्रातली एक ओळ आठवेल तर शपथ. मी नुसतं मराठीत ओरडत होते, "अरे कोणीतरी या रे, माझ्याने होत नाहीये, माझ्याने होत नाहीये." आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं असेन.

आणि बेल वाजली.

सईने दार उघडलं. दारात पिवळं जाकीट, हातात पार्सल. पलीकडच्या चौदा नंबरचं. तिसऱ्यांदा चुकली होती बाई. मला बघून आधी तिचा चेहरा पडला, पुन्हा शिव्या खायच्या अशा तयारीने. मग तिची नजर खाली लीयाकडे गेली, माझ्या अंगठ्याकडे गेली. पार्सल तिथेच पायरीवर टाकून ती व्हॅनकडे पळाली. मला वाटलं, गेली. पण ती परत आली ती हातात तसलंच पेन घेऊन. "मला गांधीलमाशी चावली की लागतं," एवढंच म्हणाली. पेन मोठ्यांचं होतं. फोनवरच्या मुलीने लीयाचं वजन विचारलं, क्षणभर कोणाशी तरी बोलली आणि म्हणाली, द्या. त्या बाईने गुडघे टेकले, पेन नीट सरळ धरलं, आणि लीयाच्या मांडीवर दाबून मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजले. मग तिने दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. श्वासातली शिट्टी हळूहळू कमी झाली. ओठांवर रंग आला. लीया रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून मीही हमसून हमसून रडले.

ॲम्ब्युलन्स आली. शेजारच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, त्यांनी सईला जवळ घेतलं. या गडबडीत ती पिवळी बाई कधी निघून गेली ते मी पाहिलंच नाही. तिचे आभार मानायचे राहिले. माफी मागायची तर फार आधीच राहिली होती.

आम्हाला नेलं त्याच हॉस्पिटलमध्ये मारिसेल ड्यूटीवर होती. ती वरच्या वॉर्डमधून धावत आली, लीयाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिली, मग छातीवर क्रूसाची खूण केली. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण रात्रभर नजरेखाली ठेवू. माझा अंगठा त्यांनी गरम पाण्यात बुडवून ठेवला होता. लीयाला झोप लागली तेव्हा मारिसेल बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. मी तिला सगळं सांगितलं. कूट, खिचडी, कॉल, सईला थांब म्हणणं, उलटं पेन. काही म्हणता काही लपवलं नाही. म्हटलं, आता ही तोंडावर थुंकली तरी ते माझ्या वाट्याचं आहे.

ती माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली.  मग ती म्हणाली, "पहिल्या वेळी तिला कोणी भरवलं होतं, माहीत आहे? माझ्या आईने. आमच्याकडे शेंगदाण्याचा रस्सा करतात, तो. प्रेमानेच भरवला. मी वॉर्डवर होते. शेजारचा माणूस तिला मोटरसायकलवर घालून घेऊन गेला." मग डोळे पुसत म्हणाली, "मी तेव्हाही नव्हते, आजही नव्हते. दोन्ही वेळा देवाने कोणाला तरी पाठवलं. आईला माफ केलं, मग तुझ्यावर कशी रागावू?" मला तिच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने ती लॉकरमधला डबा घेऊन आली. "तू दिवसभर उपाशी आहेस. आज तुझा चंद्राचा दिवस आहे ना? ते बघ." खिडकीबाहेर, कार पार्कच्या वर, एका बाजूने झिजलेला पिवळा चंद्र चांगला हातभर वर आला होता. ढगाचा मागमूस नव्हता. कधी उगवला कोण जाणे, मी वेळ पाहिलीच नव्हती. मी बसल्या जागी हात जोडले. या वेळी कोणाला, हा प्रश्न मनात आला नाही. मारिसेलने डबा उघडून चमचा पुढे केला. यात काय आहे, अंडं आहे का, कशात केलंय, हे सगळे प्रश्न माझ्या जिभेवर रोजच्यासारखे आले आणि तिथेच विरले. जिच्या लेकीला मी नकळत विष भरवलं होतं, तिच्या हातचा घास मी काही न विचारता तोंडात घातला. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात होता, गुळाचा. आपला नारळीभातच. नैवेद्य म्हणून मी दुसरं काय करणार होते?

आई म्हणते, "देव तारी त्याला कोण मारी. अगं, तोच आला होता पिवळं पीतांबर नेसून." मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मी त्या बाईच्या कंपनीला फोन केले, पत्र पाठवलं, तो एक तारा काढून टाकला. तिचा रूट बदलला, एवढंच कळलं. पायरीवर राहिलेलं पार्सल मी दुसऱ्या दिवशी स्वतः पलीकडच्या चौदा नंबरला नेऊन दिलं. तिथली पार्सलं अजूनही चुकून येतात, अजूनही मीच नेऊन देते. एक मात्र मला कळलंय. त्या दिवशी मी जे जे बिनचूक करायला गेले ते सगळं चुकलं, आणि तिच्या ज्या चुकीला मी नावं ठेवली तीच आम्हाला तारून गेली. आता ओट्यावर कुटाची बरणी नाही, आणि पेनचा सराव मी दर रविवारी करते. करायचं ते सगळं करायचंच. पण उरलेलं सगळं माझ्या हातात आहे, हा तोरा गेला.

पुढच्या सोमवारी मुलींना आणायची पाळी माझी होती. मी मनाची तयारी केली होती की आता ती लीयाला माझ्याकडे पाठवणार नाही, आणि ते बरोबरच होतं. दुपारी मारिसेलचा मेसेज आला, "आज उशीर होईल. दोघींना नेहमीसारखं आण. लीयाला भूक लागलेली असेल, काहीतरी खायला दे." मी तो मेसेज तीनदा वाचला. मग रेडवेने, म्हणजे इथल्या लाल पायवाटेने, चालत शाळेत गेले. गेटमधून सई धावत आली, तिच्यामागे लीया, आणि तिने पिवळा पाऊच माझ्या हातात दिला आणि आपला हातही.