हवेची तीन भोकं

रॉकेट वर नेणं कोणालाही जमतं. मोटर विकत मिळते, पेटवली की जातं. खरं काम ते धड खाली आणायचं, आणि कॉलेजच्या टीममध्ये ते काम माझं होतं. पॅराशूट मी शिवायची, ते वेळेवर उघडणारं इलेक्ट्रॉनिक्सही मीच जोडायची. आमचं शहर हिंदी बोलणारं, पोरं मला 'सिलाई दीदी' म्हणत. म्हणोत. माझ्याहून उंच धूड आकाशातून डोक्यावर यायला लागलं की सगळ्यांचे डोळे सिलाई दीदीकडेच वळत.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. बाबा आठवी पास. इथल्याच एका तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत तीस वर्षं पॅकिंगला होते. गोळा पेटीत जाण्याआधी त्याचं प्रत्येक छिद्र, प्रत्येक फट बंद करायची, ओल आत जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर घरातलं एकही भोक त्यांनी उघडं सोडलं नाही. कूलरची बॉडी, दाराची चौकट, भिंतीतले जुने खिळे, सगळं लांबी भरून गुळगुळीत.

त्या उन्हाळ्यात छोट्या रॉकेटचं एक चाचणी उड्डाण होतं. ते नीट झालं तर स्पर्धेला जाणाऱ्या पाच जणांत माझं नाव पक्कं, फसलं तर माझ्या जागी दुसरा. लॅब पाचला बंद होई, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा डबा मी चेरीतालला घरी आणला. डबा म्हणजे फायबरची वीतभर निळी नळी. आत दोन अल्टीमीटर, एकाने दगा दिला तर दुसरा. ते हवेचा दाब मोजतात. वर जाताना दाब कमी होत जातो, रॉकेट टोकाला पोचलं की कमी व्हायचा थांबतो, आणि त्या क्षणी ते चिमूटभर बारूद पेटवून पॅराशूट बाहेर फेकतात. त्यासाठी बाहेरची हवा आत यावी लागते. म्हणून नळीला तीन बारीक भोकं होती. हिशेब करून मीच पाडलेली.

बाबांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ही भोकं काहून ठेवली?"

"लागतात."

"धूळ जाईल ना आत."

"तुम्हाला नाही समजणार, बाबा. राहू द्या."

समजलं असतं. वर चार ओळींत सांगितलंच की मी. पण तेव्हा सांगायचं नव्हतं. घरात एक तरी गोष्ट अशी होती जी फक्त मला येत होती, आणि ती कोणाला द्यायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रू आणायला घमापूरला गेले. संध्याकाळी उशिरा आले तर डबा जिथल्या तिथे होता. उचलला, बॅगेत घातला.

शहराबाहेर हरभरा काढलेल्या शेतात उड्डाण होतं. उडवण्याआधी माझ्या हातात एक यादी असे. एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहायची, मग टिक मारायची. नववी ओळ होती: भोकं उघडी. मी टिक मारली. पाहिलं नाही. भोकं माझी, डबा माझा, त्यात काय पाहायचं?

रॉकेट सरळ वर गेलं. सावकाश झालं, नाक वळलं. "आता," मी म्हणाले. काहीच नाही. ते खाली यायला लागलं. मी पुन्हा "आता" म्हणाले. ते तसंच येत राहिलं आणि कमरेपर्यंत शेतात घुसलं.

"वाह दीदी," टीमचा लीडर म्हणाला. तो विजय नगरच्या पॉश वस्तीतला, प्रोफेसरांचा मुलगा. "बीज बो दिया. बारिश में उगेगा."

आतलं बारूद पेटलेलं नव्हतं, म्हणून सगळे लांब उभे राहिले. बॅटरी काढायला मी एकटीच गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "सुई-धागा ले जा."

लॅबमध्ये अल्टीमीटरची मेमरी उघडली. दोघांचीही रेघ सपाट. त्यांच्या मते रॉकेट जमिनीवरून हललंच नव्हतं. मी डब्यावर नख फिरवलं. निळ्या रंगाखालून लांबी निघाली. एक भोक, दुसरं, तिसरं. इतका साफ हात त्या लॅबमध्ये कोणाचाच नव्हता.

"ये किसने भरा?" लीडरने विचारलं.

टिक मारलेली यादी माझ्या खिशात होती.

"पापा ने," मी म्हणाले.

"तो पापा लिख के दें. नहीं तो सर के पास तेरी गलती जाएगी, और तेरी जगह मैं दूसरा बंदा ले जाऊँगा. सीधी बात."

टीमवर देखरेख करणाऱ्या सरांसाठी रिपोर्ट मी लिहिला, इंग्रजीत. बाहेरच्या व्यक्तीने परवानगी न घेता केलेल्या छेडछाडीमुळे अपयश. मग बाबांना फोन केला, लॅबमध्ये या.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आपला सल्ला हवा असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"अंकल, ये भरा कैसे?" लीडरने अदबीने विचारलं.

बाबांनी सगळं सांगितलं. काडीने लांबी आत कशी ढकलायची, ओल्या बोटाने कशी दाबायची, कागदाने कशी घासायची, मग कूलरच्या उरलेल्या निळ्या रंगाचे दोन हात. "पता ही नहीं चलेगा."

"सच में अंकल, किसी को पता नहीं चला."

पोरं हसली. त्यांच्याबरोबर बाबाही हसले. मीही हसले.

मग लीडरने चेमटलेलं रॉकेट टेबलावर ठेवलं. "ये आपकी सफाई है. हवा अंदर जानी थी." बाबांनी ते हातात घेतलं, वाकलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "पैकिंग के बाद जाँच होती है. इधर जाँच किसकी थी?"

ते एकेकाचं तोंड पाहत माझ्यापर्यंत आले. मी पेन पुढे केला.

"बाबा, इथे सही करा."

"काय लिहिलं?"

"तुम्ही भोकं बुजवली. एवढंच."

त्यांनी सही केली. देवनागरीत, सावकाश, एकेक अक्षर लावून.

परत येताना स्कूटी मी चालवत होते, ते मागे. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "जाँचवाला चुकला की मेमो पॅकरला. मला दोनदा मिळाला."

मी सिग्नलचे उलटे आकडे मोजत होते.

"दोन्ही वेळा साहेब असंच म्हणाला. सही कर, एवढंच लिहिलंय." सिग्नल सुटला. "चलो. तू साहेब झालीस."

कागद अजून माझ्याच बॅगेत होता. सकाळी सरांकडे द्यायचा होता. रात्रभर वेळ होता, फाडायला दोन सेकंद पुरले असते. सकाळी मी तो दिला. यादी कोणी मागितली नाही.

मी स्पर्धेला गेले. मोठं रॉकेट माझ्या पॅराशूटवर अलगद उतरलं. ते काम माझं होतं आणि चांगलं होतं, हे मी आजही कोणापुढेही म्हणेन.

बाबा तेव्हापासून मला नावाने हाक मारत नाहीत. शेजारी आले की म्हणतात, "साहेबांना चहा द्या." शेजारणींना कौतुक वाटतं. आई म्हणते, किती अभिमान आहे बघ तुझा. एकदा दोघंच होतो तेव्हा मी म्हटलं, "बाबा, असं नका ना म्हणू."

ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"जी, साहेब," म्हणाले.