ओ आल्याशिवाय बार नाही

आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, घरची माणसं वर्षातून एकदा, थंडी बऱ्यापैकी पडली की, शुक्रवारी सगळी मिळून नेमबाजीला जातात. आपण वनभोजनाला जातो तसंच ते. इथं ओमानात निझवाच्या पुढे डोंगराला लागून परवानगीचं मैदान आहे. तिथं सकाळी सकाळी चटया पडतात, कहव्याचे थर्मास निघतात, खजूर निघतात, हलव्याचा डबा फिरतो आणि तान्ह्या पोरांच्यासुद्धा कानांवर गोळीच्या आवाजाची जाड झाकणं चढतात. मग गाड्यांमधून बंदुका उतरतात. मी या माणसाच्या दारं-खिडक्यांच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढली, त्यामुळे मला घरच्यासारखं बोलावणं असतं. मी जातो, हलवा खातो, टाळ्या वाजवतो. बंदुकीला हात लावत नसे. बायको म्हणायची, एवढं बोलावतात तर एक तरी गोळी मारा हो, फोटो तरी येईल. मी म्हणायचो, तू मार.

खरं कारण तिलाही ठाऊक होतं. आमच्या घरी बंदूक होती आणि ती माझ्या आळसामुळे गेली.

सिंधुदुर्गात आमच्या वाडीत पाच-सहा घरांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक असायची. परवान्याची, सरळ. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं, मागे ठिणगीची केप बसवायची. एवढा सगळा खटाटोप करून हातात येतो तो एक बार. बहुतेक वेळा तो वानरांना घाबरवायला हवेतच काढलेला. पण वाडीचा एक नियम होता आणि तो कुणी मोडलेला मी पाहिला नाही. बंदूकवाल्याने आधी हाक द्यायची, "बार काढतंय रेऽऽ." मग खालच्या अंगाला जो कोणी असेल त्याने ओ द्यायची. रान मोकळं असेल तर, "काड रेऽऽ." कुणी गवत कापत असेल, कुणाची गाय आडवी आली असेल तर, "रव." रव म्हणजे थांब. ओ आल्याशिवाय बार काढायचा नाही, मग वानरांनी अख्खी केळीची बाग खाऊन ढेकर दिला तरी बेहत्तर.

आमच्या शेतात ओ द्यायचं काम माझं. बाबा वर आंब्याखाली बंदूक घेऊन, मी खाली व्हाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या, बांधाआड. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. इकडे तिकडे नीट बघायचो, घसा ताणून "काड रेऽऽ" म्हणायचो आणि कानांत बोटं घालून बसायचो. बार झाला की बाबा वरून ओरडायचे, "वर ये रे झिला." झील म्हणजे मुलगा. आमच्याकडे मुलाला तसंच हाकारतात. अख्ख्या वाडीत आपल्या शब्दाशिवाय बापाचा बार निघत नाही याचा मला कोण माज होता.

मी इकडे आलो आणि ते काम बंद पडलं. बाबा म्हातारे झाले, तसा परवाना माझ्या नावावर करायचा ठरलं. त्यासाठी मी स्वतः तालुक्याला जाऊन सही करायला हवी होती, बाकी काही नाही. एका वर्षी व्हिसाचं नूतनीकरण आलं. दुसऱ्या वर्षी मुलीची परीक्षा. तिसऱ्या वर्षी सुट्टी मिळाली होती, पण गावी चार दिवसच राहिलो आणि त्यातला एक रविवार होता. दरवेळी पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत. निवडणूक आली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. त्या वेळी बाबांची मिळाली नाही. परवान्याची मुदत संपलेली, वय झालेलं, वारस हजर नाही. बाबांनी मला फोनवर हे सांगितलं ते गाय व्यायली हे सांगावं तसं. पावती कॅलेंडरच्या मागे लावून ठेवली. एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मीही चार शब्द बोललो असतो, रागावलो असतो, कामं असतात म्हणालो असतो. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

आई गेल्यावर बाबांना तीन महिन्यांसाठी इथं आणलं. दिवसभर ते आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी बसून समोरचा उघडा डोंगर बघायचे. नातीशी बोलायचा प्रयत्न करायचे. तिचं मराठी शाळेतल्या इंग्रजीखाली दबलेलं आणि यांची मालवणी, त्यामुळे दोघं मिळून बराच वेळ नुसती हसायची. थंडीचे दिवस होते. अर्बाबचं नेमबाजीचं बोलावणं आलं आणि माझ्या डोक्यात शिरलं की बाबांच्या हातात एकदा बंदूक द्यायची. मला दुसरं काही नको होतं. त्यांनी एक बार काढावा आणि माझ्यावर राग असला तर तो त्या बाराबरोबर निघून जावा. मी अर्बाबला सगळं सांगितलं. त्याने आपल्या वडिलांना सांगितलं. त्या म्हातारबुवांनी मान हलवली आणि म्हणाले, जुनी बंदूक मी स्वतः देईन.

ती जुनी बंदूक म्हणजे घराण्याची ठेव. त्यांच्या आजोबांच्या वेळची, नळीवर चांदीच्या कड्या, लाकूड हात लागून लागून काळं झालेलं. खालची कडी ओढायची, एक गोळी आत सरकवायची, कडी मिटायची. एका वेळी एकच. त्या दिवशी बाबा चटईवर बसून आधी तिच्याकडेच बघत होते. शेजारी अर्बाबच्या मुलाने नवी बंदूक मांडली होती, काळीभोर, पुढे दोन पाय, वर हाताएवढी दुर्बीण. तो मैलभर लांबच्या लोखंडी पाटीवर गोळी मारायचा आणि टण् आवाज यायला इतका वेळ लागायचा की तोवर तो कहव्याचा घोट घ्यायचा. बाबांना त्याने त्या दुर्बिणीतून बघायला दिलं. बाबा बराच वेळ डोळा लावून राहिले. डोंगरावर शेळ्या आहेत म्हणाले. एका शेळीचा पाय दुखतोय, असंही म्हणाले. मग डोळा काढून माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेका खाली माणूस लागणा नाय."

म्हणजे हिला खाली ओ देणारा माणूस लागत नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. बघितलं ते सांगितलं, एवढंच.

मग म्हातारबुवांनी जुनी बंदूक बाबांच्या हातात दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ती कडी कशी ओढायची हे दाखवायला त्यांना एक शब्दही लागला नाही. बाबांनी एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलेलं. दोनशे पावलांवरच्या चढावर चुना लावलेला दगड होता, तो त्यांना दाखवला. बाबा वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून पालथे पडले. मी वीस पावलं मागे, फोनवर व्हिडिओ काढत उभा. म्हटलं, वाडीत पाठवू. म्हातारबुवांच्या हातात दोन बावटे असतात, लाल आणि हिरवा. त्यांनी मैदान बघून हिरवा वर केला.

आणि बाबांनी हाक दिली.

"बार काढतंय रेऽऽ."

पोरं हसायची थांबली. समोरच्या डोंगरावरून त्यांचाच आवाज परत आला आणि विरला. बाबा बंदुकीला गाल लावून पडलेले, बोट चापावर. बार मात्र निघेना. हिरवा बावटा वरच होता. कुणीतरी हळूच यल्ला, चला, म्हणालं. अर्बाबने माझ्याकडे बघून विचारलं, तब्येत ठीक आहे ना? बायको म्हणाली, अहो, बघा ना काय झालंय ते. मी तसाच फोन धरून उभा. मला वाटलं हात थरथरतोय, दिसत नाहीये, लाजले. फोनच्या चौकटीत त्यांची पाठ दिसत होती, खाकी शर्ट, मानेवरच्या सुरकुत्या. ते हलत नव्हते. ते घाबरलेले नव्हते, अडकलेले नव्हते. ते वाट बघत होते.

इतका बिनडोक माणूस मी, मला ते कळायला अर्धं मिनिट लागलं.

फोन खाली केला आणि घसा ताणून ओरडलो, "काड रेऽऽ." आवाज फाटला. वीस-पंचवीस वर्षांत तो शब्द तसा तोंडातून निघालाच नव्हता. माझी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात बार झाला. दगडाच्या डावीकडे वीतभर धुरळा उडाला. नेम चुकला होता आणि सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू दगडाचे दोन तुकडे झाले. म्हातारबुवांनी दुसरी गोळी पुढे केली. बाबांनी हात जोडले आणि बंदूक परत दिली. मी म्हणालो, घ्या हो बाबा, पाच मिळतात प्रत्येकाला. ते म्हणाले एक पुरे, दुसरा कित्याक होयो.

परतताना गाडीत ते पुढच्या सीटवर होते. मी मनाशी जुळवाजुळव करत होतो, बंदुकीचं बोलावं, माफी मागावी, कुठून सुरू करावं. त्यांनीच विषय काढला. बाहेर बघत म्हणाले, "तू ओ दिलंस मा? झाला तर मग." डोळे भरून आले होते आणि गाडी चालवायची होती.

पंधरवड्यात ते गावी परतले. थांबा म्हटलं तर म्हणाले, माझी केळी कोण बघणार. केळी काही उरली नव्हती, वानरांनी कधीच साफ केली होती, पण तो वाद घालायचा नव्हता.

त्या दिवसामुळे एक झालं. अर्बाबच्या घरच्यांना ती हाक भयंकर आवडली. आता दरवर्षी पोरंसोरं प्रत्येक गोळीआधी ओरडतात, बार काढतंय रे, आणि बाकीची चटईवरून एका सुरात ओ देतात, काड रे. त्यांना ती कुठली भाषा हेही ठाऊक नाही. आमच्या वाडीत मात्र आता कुणी हाक देत नाही. बंदुका गेल्या, बंदूकवाले गेले, खाली व्हाळाकडे रान माजलंय. आपल्या गावची हाक ऐकायला मला निझवाच्या डोंगरात यावं लागतं. हसू येतं आणि आतून तुटतंही.

या वर्षी बाबांची स्मरणशक्ती ढासळली. कधी आई कुठे गेली म्हणून विचारतात, कधी मला ओळखतात, कधी नाही. शेजारची वहिनी बघते त्यांच्याकडे. मी फोन करतो, ती त्यांच्या कानाशी धरते. येतो म्हणतो. पुढच्या सुट्टीत येतो म्हणतो. माझं मलाच ते ऐकवत नाही.

यंदाच्या नेमबाजीला म्हातारबुवांनी मला जवळ बोलावलं. बाप कसा आहे विचारलं. मी सांगितलं. त्यांनी जुनी बंदूक माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, आज त्याच्यासाठी तू काढ. नाही कसं म्हणणार? मी पालथा पडलो, गोळी आत सरकवली. पोरं ओ द्यायला टपून बसलेली. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी मुलीला म्हणालो, आजोबांना फोन लाव, स्पीकरवर ठेव. म्हातारबुवांना कळलं. त्यांनी पोरांना बोटाने गप्प केलं. आज ओ तिकडून येणार होती.

वहिनीने उचलला. बाबा पडवीतच बसलेत म्हणाली, धरते कानाला. म्हातारबुवांनी हिरवा बावटा वर केला. मी फोनकडे तोंड करून हाक दिली, "बार काढतंय रेऽऽ."

काही नाही. पंख्याची घरघर, लांब कुठेतरी कोंबडा. मी वाट बघितली. मुलगी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती. मग बाबांचा आवाज आला, गेल्या कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता इतका ठणठणीत.

"रव. रव रेऽऽ. झील खाली आसा माझो."

पोरांनी फक्त काड ऐकलेलं, हा शब्द त्यांना नवा होता. अर्बाबने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, खाली कुणीतरी आहे म्हणतात. म्हातारबुवांनी समोरच्या उघड्या डोंगराकडे पायथ्यापासून वरपर्यंत नीट बघितलं. हिरवा बावटा खाली घेतला आणि लाल वर केला.

बाबा अजून ओरडतच होते, रव रे, रव. मी कडी ओढून गोळी बाहेर काढली, मुलीच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "वर येतंय, बाबा."