न कुरतडलेली पानं

दारव्ह्याजवळच्या एका गावात प्रभावतीबाईंच्या दारी तुळशीवृंदावन नव्हतं, बौद्धाचं घर. तुळस होती ती शेजारच्या कपाशीच्या बांधावर, औषधापुरती. कफ सुटायला, छाती मोकळी व्हायला, घाम येऊन ताप उतरायला अर्धं गाव त्यांच्याकडे येई. आईनं त्यांना एकच कसोटी शिकवली होती : किड्यानं कुरतडलेलं पान खुडायचं. "आधी त्याले खाऊ दे, मंग आपण."

२०१७च्या सप्टेंबरात शेजारची ममता खोकत आली. नवरा त्याच कपाशीवर कीटकनाशक फवारायचा, फवारणीला पाणी तीच द्यायची. प्रभावतीबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून तीन दिवस पानं ममतानंच खुडून आणली. बाईंनी आलं, मिरे घालून काढा करून दिला.

चौथ्या दिवशी ममता म्हणाली, "माय, काढा घेतला का चक्करच येते वं."

बाई काठी टेकत स्वतः बांधावर गेल्या. भर दुपार. मंजिऱ्या गच्च फुललेल्या, पण गुणगुण नाही. त्यांना वाटलं, आपलेच कान गेले. मग काठी दगडावर आपटलेली स्वच्छ ऐकू आली. एकही पान कुरतडलेलं नव्हतं. बुंध्याशी मधमाश्या पडल्या होत्या, पाय आखडून. त्यांनी पान चुरडलं. वास नेहमीसारखाच गोड आला. पान फेकून त्या माघारी वळल्या.

घरात येऊन त्यांनी ममताचा चेहरा दोन्ही हातांत धरला. अंधाऱ्या खोलीतही तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या.

"अशी काहून पाहून राह्यली? भूत दिसलं का?"

"ऊठ. जीप धर. यवतमाळले चाल."

"अवो, दवाखान्याचं नाव काढलं तर तुलेच ताप येते!"

"येऊ दे."

डॉक्टरांपुढे बाईंनी आधी फवारणीचं सांगितलं. चाळीस वर्षांत त्यांच्या काढ्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "आन् मी तिले काढा पाजला, साहेब. त्याच बांधावरचा. तीन दिस."

ममता नवव्या दिवशी घरी आली.

त्यानंतर खोकणारे आले की बाई त्यांना दारातूनच दवाखान्याकडे वळवत. स्वतः मात्र रोज बांधावर जात, एकेक पान उलटून पाहत. हिरवीगार, कोवळी, अखंड पानं. भोवती काहीच हलत नसे. वाकून त्या हळूच म्हणत, "खा ना रे बापा, कोनी तरी."