नव्या वाणाच्या चार ओळी

आज सकाळी लॅपटॉपनं विचारलं, नवी सिस्टीम आत्ता टाकायची की नंतर? माझं बोट थबकलं आणि छावणी भागातल्या नासिरभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला सोल्डरिंगच्या धुराचा वास आठवला.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर गंगापूरहून गोधडीत गुंडाळून त्या दुकानात आणला होता. माझं पुढचं शिक्षण त्याच्यावरच होणार होतं. नासिरभाई म्हणाले, "जुनी सिस्टीम बिनघोर चालंल. नवी लई भारी हाय, पण ह्या मशीनला झेपंल का, सांगता नाय येत."

अण्णा म्हणाले, "कपाशीचं नवं वाण आलं की आम्ही आधी चार ओळी लावून बघतो. बाकी रान जुन्याचंच. तसं हितं जमतं का?"

मी शरमेनं मान खाली घातली. नासिरभाई मात्र खुशीत हसले. "जमतं की. दोन्ही टाकतो. सुरू करताना पोरीला विचारंल, कोणती पायजे."

कितीतरी दिवस मी जुनीच निवडत होते. नवी कधी निवडायला लागले, कळलंही नाही.

तेव्हा वाटायचं, अण्णांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं. आज मी नव्या सिस्टीमसाठी डिस्कवर वेगळी जागा काढली, चार ओळींपुरती. फोन करून अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "उगवली की सांग."