पाच हातांचा कार्बन

निघायच्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या घरात बॅगा तिसऱ्यांदा वजनकाट्यावर चढल्या आणि तरी दोन किलो जास्तच भरल्या. माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, गोडा मसाला राहू दिला आणि माझी जाडजूड वही बाहेर काढली. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे, म्हणाला. निरोप द्यायला वैशाली आली होती. आम्ही दोघी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो, नऊ वर्षं एका डब्यात जेवलो होतो. तिनं वही उचलली. "माझ्याकडे राहू दे. आलीस की जशीच्या तशी देते." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झेरॉक्स दे, वही देऊ नकोस." मला आईची लाज वाटली.

वहीत सेंद्रिय संयुगांचा अख्खा धडा माझ्या पद्धतीनं लिहिलेला होता. पुस्तकातलं वर्गीकरण मुलांच्या डोक्यावरून जायचं, म्हणून मी संयुगांची घराणी केली होती. एक उघड्या साखळीचं, एक वलयाचं. कुणाचे सगळे बंध एकेरी, कुणाकडे एखादा दुहेरी. साखळीत कार्बन किती त्यावरून नाव, कुठला गट चिकटलाय त्यावरून आडनाव. कार्बनला हात मात्र चारच. दरवर्षी एकदा मी फळ्यावर मुद्दाम चुकीचं प्रोपीन काढायचे. मधल्या कार्बनला एक हायड्रोजन जास्तीचा, म्हणजे पाच हात. मग खडू खाली ठेवून गप्प उभी राहायचे, कुणीतरी उठून "मॅडम, चुकलं" म्हणेपर्यंत. वहीत ते चित्र तसंच होतं, शेरा न लिहिता. माझ्याच वहीत मला शेरा कशाला लागतो?

निखिलच्या नोकरीच्या डच गावात, फेल्डहोवनला, दोन वर्षांची सात झाली. बिनपगारी रजा संपली, राजीनामा ईमेलनं गेला. तोवर तासिका तत्त्वावर राबणाऱ्या वैशालीला माझी जागा मिळाली, तेव्हा मी इथे शिरा केला होता. खरंच आनंद झाला होता मला. आता मी सायकलनं एका लॅबमध्ये जाते, पाण्याचे नमुने तपासते. मुलगी माझ्या मराठीला डचमध्ये उत्तर देते. कुणी विचारलं तर सांगायचे, मी मूळची शिक्षिका, माझा वर्ग साताऱ्यात आहे.

गेल्या हिवाळ्यात अकरावीतल्या माझ्या भाचीनं, सईनं, एका गाइडच्या पानाचा फोटो पाठवला. "मावशी, या कार्बनला पाच बंध कसे?" पानावर माझी घराणी होती, माझी आडनावं होती आणि माझं ते खोटं प्रोपीन खरं म्हणून छापलेलं होतं. मुखपृष्ठावर वैशालीचं नाव. वर्गात का नाही विचारलंस, असं मी सईला म्हटलं. छापलंय म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटलं होतं.

मी फोन केला. वाटलं होतं, वैशाली ओशाळेल, निदान अडखळेल. ती शांतपणे म्हणाली, "तू गेलीस. मी रोज ती वही घेऊन वर्गात उभी राहिले. आता ती तुझी कशी?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं मला फसवलं होतं, यात मला आजही शंका नाही. तिच्या बोलण्यातलं अर्धं मला पटलं, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

दोन दिवस मी ठरवलं होतं, राहू दे तो पाचवा हात, होऊ दे तिचं हसं. पण हसं तिचं होणार आणि मार्क जाणार सईसारख्यांचे. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहून पाठवली. उत्तरात जोडलेल्या हातांचं चित्र आलं. पुढच्या आवृत्तीत प्रोपीन बरोबर आहे. मुखपृष्ठ तसंच आहे.

परवा लॅबमध्ये जेवताना शेजारच्या डच बाईंनी विचारलं, जुलैच्या सुट्टीत कुठे? सात वर्षं मी या प्रश्नाला "घरी" म्हणत आले. यंदा म्हणाले, "आईकडे."